बर्फात आलेला तुकडा

आमच्या विनयाला रिपोर्टवर 'सांगता येत नाही' असं लिहायला जराही संकोच वाटत नाही. त्यापायी लोकांच्या शिव्या मी खातो, कारण तुळिंजला तिच्या लॅबच्या काउंटरवर मी बसतो. नोकरीतून सुटलो की आचोळ्याच्या घरात निवांत पेपर वाचीन, असं ठरवलं होतं. कशाचं काय!

विनया माझी बायको, पॅथॉलॉजिस्ट. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून गाठ साधी की कॅन्सरची ते सांगायचं, हे तिचं काम. लोकांना वाटतं, यंत्रात टाकलं की चिठ्ठी बाहेर येते. "काका, अजून किती वेळ?" अहो, वडापाव तळतोय का आम्ही?

त्यात एके दिवशी समुद्रकाठच्या कळंबहून रीमा आली. तिच्या सासूच्या, सत्यवतीच्या छातीत गाठ होती. सत्यवती मासे विकते. नर्सिंग होममध्ये गाठीचा तुकडा काढून, तो कुजू नये म्हणून फॉर्मालिनच्या बाटलीत घालून दिला होता. रीमाने काउंटरवर थर्माकोलचा डबा ठेवला. आत ठेचलेला बर्फ, खडेमीठ आणि मधोमध प्लास्टिकच्या पिशवीत तुकडा.

"बाटलीतलं औषध कुठंय?" विनयाने विचारलं.

"ओतून दिला. टिकावी म्हनून फॉर्मालिन मारलेली मासली आमी दारात घेत नाय, मॅडम. सासूचा तुकडा त्याच्यात कसा ठेवू? ताजा राहावा म्हनून मीठबर्फात घातला."

"अगं बाई, दगड झाला त्याचा!" विनया एवढ्या जोरात ओरडली की रीमा रडायलाच लागली. मी पाणी आणून दिलं. दुसरं काय करणार?

विनयाने तरीही त्या तुकड्याचे निघतील तेवढे काप काढले. गोठून पेशींची पार वाट लागली होती, सगळीकडे नुसती भोकं. तिने लिहिलं, सांगता येत नाही, पुन्हा तुकडा पाठवा.

लगेच नर्सिंग होमच्या सर्जनचा फोन. "मॅडम, हाताला गाठ साधीच लागते. बाई परत टोचून घ्यायला नाही म्हणते. साधी म्हणून लिहून टाका ना."

"तुमच्या हाताला डोळे आहेत का?" असं म्हणून बाईसाहेबांनी फोन ठेवला. आमच्याकडे निम्मं काम त्याच डॉक्टरांकडून येतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "मग तू लिही आणि सहीही तूच कर."

पुढच्या रविवारी ती मला ओढत कळंबला घेऊन गेली. सत्यवती अंगणात बोंबील वाळत घालत होती. आम्हाला बघून तिने हातातलं काम काही थांबवलं नाही.

"एकदा टोचला तो पुरे. मशीन तुझा बिघडला आनि दोस आमच्या बर्फाला," ती म्हणाली.

उन्हाने माझं डोकं भणभणत होतं. म्हटलं, झालं समाधान, चला घरी. पण विनया तिथेच फतकल मारून बसली.

"सत्यवतीबाई, गिऱ्हाईक कल्ला उघडून ताजं आहे का ते न बघता पापलेट घेतं का हो?"

"घेल तर येडाच तो."

"मग मीच तेवढी वेडी का? न बघता कशी लिहू?"

सत्यवतीने हातातला बोंबील दोरीवर टाकला आणि "बघू" म्हणाली.

दोन-चार दिवसांनी रीमा नाकाला ओढणी लावून बाटली घेऊन आली. या वेळी औषध जिथल्या तिथे होतं. काप सुरेख निघाले. विनया मायक्रोस्कोपवरून उठली तेव्हा तिने नेहमीसारखा चहा मागितला नाही. मला काय ते कळलं.

रिपोर्ट न्यायला सत्यवती स्वतः आली. विनयाने तिला समोर बसवून सरळ सांगितलं की गाठ कॅन्सरची आहे, पण लहान आहे. सत्यवती पदर तोंडात धरून रडली. मग विनयावरच उखडली, "पयल्यांदाच साधी लिवली असतीस तर काय बिघडला असता गो तुझा? सुखात राहिले असते मी!"

"किती दिवस?" विनया म्हणाली. तिचा आवाज चढलेलाच होता, पण डोळे भरून आले होते.

सत्यवतीने नाक पुसलं आणि रीमाकडे वळून म्हणाली, "त्या डॉक्टरला इचार, कापतो कवा."