चुडामणभाऊंचा कान

जळगावच्या एमआयडीसीतल्या त्या चटई कारखान्यात चुडामणभाऊंच्या कानाला फार मान होता. मशीन कुरकुरलं की आधी भाऊंना बोलवायचं, मग मेकॅनिकला, असा तिथला शिरस्ता. भाऊ यायचे, मशीनच्या अंगावर तळवा टेकवायचे, डोळे बारीक करायचे आणि कुठला पट्टा सैल पडलाय, कुठलं बेअरिंग जायला आलंय ते सांगून मोकळे व्हायचे. लोक म्हणायचे, काय कान आहे या माणसाचा! आणि त्या कानांना गेली आठ वर्षं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. जे कळायचं ते तळव्याला.

धरणगावहून एसटीनं ते पहिल्यांदा कामावर आले तेव्हा पत्र्याची एक शेड होती आणि दोन मशीनं. मोठे शेठ स्वतः प्लास्टिकच्या दाण्याच्या गोण्या खांद्यावर घ्यायचे आणि भाऊंच्या डब्यातलं भरीत हक्कानं ओढायचे. मग दोनाची सहा मशीनं झाली, सहाची चाळीस. प्रत्येक नव्या मशीनसमोरचा नारळ भाऊंनीच फोडला. आज शेठच्या केबिनला काचा आहेत, आत खडखडाटाचा कणही जात नाही. कंपनी वाढते म्हणजे आवाज वाढतो, एवढी साधी गोष्ट भाऊंना कळायला पंचवीस वर्षं लागली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यांनी ते लपवलं. ओठ वाचायला शिकले. झुपकेदार मिशीच्या माणसाला टाळायचं, बोलणारा उजेडात राहील असं उभं राहायचं, कुणी हसलं की हसायचं. कोरोनात सगळ्यांनी तोंडं झाकली तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली. काही कळेना, म्हणून ते ज्याच्यात्याच्यावर खेकसत राहिले. भाऊ हल्ली चिडके झाले, असं लोक म्हणू लागले. बहिरा म्हणण्यापेक्षा ते बरं होतं.

कुंदाबाईला, त्यांच्या बायकोला, अर्थातच फसवता आलं नाही. एकदा ती वैतागून ओरडलीच, "तुमले काही सांगो, ते बठ्ठी गल्लीले ऐकू जास." साऱ्या गल्लीला ऐकवायला नको, म्हणून त्यानंतर तिनं मनातलं सांगणंच सोडलं. जेवायला वाढलंय, एसटी गेली, एवढंच काय ते हातानं दाखवायची. भाऊंना याचं वाईट वाटायचं, पण कामावरून येईपर्यंत डोळे इतके शिणलेले असायचे, की तिच्या ओठांकडे बघायचंही त्राण उरायचं नाही.

साठी भरली तेव्हा छोटे शेठ, हितेंद्रभाऊ, म्हणाले, अजून दोन वर्षं थांबा, तुमच्यासारखा कान नव्या लोकांचा तयार करून द्या. भाऊंनी विचार न करता मान हलवली. घरी बसलं की आपण एक बहिरा म्हातारा, इथं आहोत तोवर चुडामणभाऊ. फक्त कानांची एक तपासणी करावी लागेल, शेठ म्हणाले. माल आता परदेशात जातो, तिकडची माणसं कागद मागतात.

तपासणीची गाडी गुरुवारी आवारात येऊन उभी राहिली. आत दिपमाला नावाची शिंदखेड्याची पोरगी होती. तिनं भाऊंच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि बोट उचलून समजावलं, आवाज आला की दाबायचं. मग ती समोरच्या काचेपलीकडे जाऊन बसली.

भाऊंना काहीही ऐकू आलं नाही. पण दिसलं. आवाज सोडताना पोरीचा अंगठा किंचित खाली जायचा. अंगठा खाली, भाऊंचं बटण. पुन्हा अंगठा, पुन्हा बटण. ती खूश होऊन मान डोलवत कागदावर खुणा करत होती. या वयात इतका चांगला कान तिनं पाहिला नसावा. उजवा कान पार पडला. दोन वर्षं जवळपास हातात आली होती.

तिनं बोटानं डावा कान सुरू असं सांगितलं. भाऊ पुन्हा अंगठ्याकडे बघू लागले. टक लावून बघून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आता दोन वर्षं असेच अंगठे बघायचे, ओठ बघायचे, न समजलेल्या विनोदांना हसायचं. आणि नव्या लोकांना शिकवायचं काय, तर ऐकायला! भाऊंना एकाएकी फार फार थकवा आला. कुणाचा राग आला नाही, शेठचाही नाही. नुसता थकवा. त्यांनी डोळे मिटून घेतले.

किती वेळ गेला कोण जाणे. कुणीतरी खांदा हलवला. दिपमाला समोर वाकून उभी होती, चेहरा घाबरलेला. तिच्या ओठांवरून कळलं, आबा, झोप लागली का, असं ती विचारत होती.

भाऊंनी हेडफोन काढले आणि बटण तिच्या हातात दिलं.

"नही बेटा. माले ऐकू येस नही," ते म्हणाले. "तो उजवा कानना कागद फाडी टाक. मी तुना अंगठा देखी ऱ्हायंतू."

आठ वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुंदाबाईलासुद्धा नाही.