झोपाळू कॉम्प्युटर आणि चिऊचा पाळणा

आमच्या सरावलीच्या घरातला कॉम्प्युटर माझ्यामुळे झोपाळू झाला, एवढं मी मान्य करतो. बाकी सगळा दोष त्याचा.

तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस मी. रिकामं यंत्र चालू दिसलं की माझं डोकं फिरतं. (पंख्याखाली कोणी नसेल तर मी पंखा बंद करतो. कोणी असलं तरी कधीकधी करतो.) म्हणून निवृत्त झाल्यावर मी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि दोन मिनिटं हात लागला नाही तर त्याने झोपावं, अशी सोय करून टाकली. पडदा काळा, आतला पंखा गप्प! आठवडाभर येईल त्याला हे कौतुक दाखवलं आणि नंतर साफ विसरलो.

मग सूनबाईंच्या नोकरीचा दिवस उजाडला. सायली कंत्राटी शिक्षिका; कायमच्या जागेसाठी तिला स्वतःच्या तासाचा व्हिडिओ पाठवायचा होता आणि मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. सकाळी तिने व्हिडिओ अपलोडला लावला आणि शाळेत निघताना म्हणाली, "बाबा, आपल्या नेटवर चार-पाच तास लागतील. तोवर दुसरं काही उघडायचं नाही, असं तिथं लिहिलंय. तुम्ही फक्त लक्ष ठेवा."

लक्ष ठेवणं हा तर माझा जन्मभराचा धंदा! मी समोर खुर्ची टाकून हाताची घडी घातली. दोन मिनिटांत पडदा काळा. बटण दाबून उठवलं, तर अपलोड तुटलेलं आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात.

असा संताप झाला म्हणता! अरे, झोप म्हटलं होतं ते रिकामा असशील तेव्हा. पोटात एवढं काम चालू असताना? पण त्याची तऱ्हाच निराळी. वरून कोणाचा हात हलत नाही म्हणजे आत काम नाही, अशी त्याची समजूत. (आमच्या हिचंही माझ्याबद्दल नेमकं हेच मत आहे.)

"अहो, सेटिंग बदला की," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

"दुसरं काही उघडायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"मग माऊस हलवत बसा."

बसलो. दर मिनिटाला हलवला. बारा टक्के झाले आणि आमची आठ महिन्यांची नात चिऊ पाळण्यात रडायला लागली.

"हिला जरा बघ गं."

"माझे हात बोंबलाला लागलेत."

एक हात पाळण्याच्या दोरीवर, एक माऊसवर. तेवढ्यात दारावरची बेल! दारात शेजारचे दामूभाऊ, त्यांची चौकशी संपेना. परत येऊन पाहतो तो पुन्हा शून्य.

"कोनावर वरडता?" दामूभाऊंनी विचारलं. मी रडकथा सांगितली. त्यांचं सगळं आयुष्य होडीवर गेलेलं, त्यामुळे कुठल्याही दुखण्यावर त्यांचा उपाय एकच. "दोरी घ्या, मावसला पालना बांदा. हाय काय नि नाय काय."

माऊसला एकीकडून पाळण्याची सुतळी, दुसरीकडून माझ्या जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक. पाळणा पुढे गेला की माऊस सरके, इलॅस्टिक त्याला मागे ओढी. चिऊ झोपली, कॉम्प्युटर जागा राहिला. दोन वाजता साठ टक्के! डाव्या हाताने पाळण्याची दोरी ओढतच मी जेवण उरकलं. आता डोळ्यांत तेल घालून बसायचं होतं. बोंबील मात्र जरा जास्तच झाले होते.

"बाबा."

मी दचकलो. साडेचार वाजले होते. समोर सायली आणि ही. पडद्यावर 'अर्ज स्वीकारला' अशी अक्षरं. सायलीचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगतो, माझेही.

"एकदा जबाबदारी घेतली म्हणजे..." मी सुरुवात केली.

"जबाबदारी चिऊने घेतली," ही म्हणाली. "अडीचला तुम्ही घोरायला लागलात. त्या आवाजाने ती उठली आणि तेव्हापासून पाय झाडतेय. पाळणा तिनेच हलता ठेवला."

मी खवळलो. झोपलो होतो हे साफ खोटं. मी डोळे मिटून टक्क्यांचा विचार करत होतो! हिने मोबाइल पुढे केला. त्यात मी, मान मागे, तोंड उघडं, आणि शेजारी चिऊच्या पायांची कवायत.

"पुसून टाक तो," मी म्हणालो.

"केव्हाच पाठवला."

सुनेचा व्हिडिओ जायला अख्खा दिवस लागला. माझा मात्र सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अर्ध्या मिनिटात पोचला, आणि कुठेही न तुटता.