भोंगाताई गप्प झाली तेव्हा

बसस्थानकात सगळे तिला भोंगाताई म्हणत. काचेच्या खोलीत बसून ती गाड्या पुकारायची आणि आवाज असा खणखणीत, की पेंगुळलेला प्रवासी दचकून भलत्याच गाडीत चढायचा. घरीही तोच थाट. "तू माझ्या कानात बोललीस तरी उत्तर शेजारी देतात," असं नवरा म्हणायचा.

मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली नुसती घरघर.

हिंडूफिरू लागल्यावर ती साहेबांना भेटायला स्थानकात गेली. आत पाऊल टाकते तोच डोक्यावरच्या कर्ण्यातून तिचाच आवाज कडाडला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!" तिच्या पायाखालची जमीन सरकली. साहेबांनी तिचं जुनं पुकारणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं, तेच आता लावत होते. खांबाला धरून तिने रडू आवरलं. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "मी तिकडेच आहे अजून. मग घरी आलेली ही कोण?"

नवऱ्याची पाचावर धारण बसली. नणंद मात्र खमकी. "वहिनी, चला," म्हणत तिने तिला आपल्या शाळेतल्या जुन्या गणिताच्या बाईंकडे नेलं. निवृत्तीनंतर बाई मनाने कोलमडलेल्यांना, एका वेळी एकालाच, समोर बसवून बोलत. उपदेश नाही, फी नाही.

"आवाज गेला, हे कुणाला कळलं?" बाईंनी विचारलं.

"मला."

"ती 'मी' कुठे आहे? शोध. घाई नाही."

पुढच्या खेपेलाही तेच. ती वैतागली. "बाई, माझा आवाज हरवलाय, आणि तुम्ही मलाच हरवायला निघालात!"

"हरवायला आधी सापडायला तर हवीस," बाई हसल्या.

एका दुपारी खालच्या कारखान्यात पत्रा ठोकणं चाललं होतं. बाई म्हणाल्या, "हा ठोका ऐक. तो कुठे संपतो आणि तुझं ऐकणं कुठे सुरू होतं? मधली रेघ दाखव."

तिने डोळे मिटले. ठोका आला. रेघ काही सापडेना. गळ्यातली ठणक, गुडघ्यावरचं ऊन, बाईंचा खोकला, सगळं येत होतं आणि कळत होतं. पण डोळ्यांमागे बसून हे सगळं बघणारी म्हणून जन्मभर जिला धरून चालली होती, तिची जागा रिकामी होती. ती ताडकन उठली. खुर्ची कलंडली.

"बाई! आत कुणीच नाही!"

"आणि हे कुणाला कळलं?"

तिने खुर्ची उचलून सरळ केली. "मला वेड लागलं का हो?"

"वेड लागलेलं माणूस इतकं नीट विचारत नाही. पाणी पी."

दोन दिवस ती भांडी घासता घासता थबकायची. हात कुठला, पाणी कुठलं, असं बघत राहायची. मग चादरीच्या घडीवरून नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं, घरघरत्या आवाजात का होईना, आणि सगळं ओसरलं. तीच जुनी ती, तेच दुःख. ती धावतच बाईंकडे गेली; बाई जिन्यातच भेटल्या.

"गेलं, बाई! हातात आलेलं गेलं!"

"जे आलं ते जाणारच. पण गेलं हे ज्याला कळलं, ते गेलं का कुठे?"

ती तिथेच पायरीवर बसली. हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. या वेळी काही रिकामं झालं नव्हतं, काही उजळलं नव्हतं. पाय दुखत होते, नाक वाहत होतं, आणि ते कळणं जसंच्या तसं होतं. भांडताना होतं, खांबाला धरून रडू आवरताना होतं. इतकं जवळ, आणि आपल्याला पत्ताच नव्हता! ती रडली की हसली, हे बाईंनाही समजलं नाही.

आता ती स्थानकातच पार्सलच्या खिडकीवर बसते. कर्ण्यातून कधी स्वतःचा आवाज आला, की अजून डोळे भरतात; ती ते लपवत नाही. नवऱ्याशी भांडणंही सुरू आहेत.

नणंदेने परवा विचारलंच, "वहिनी, बाईंनी तुम्हाला नेमकं दिलं तरी काय?"

"काहीच नाही गं," ती घरघरली, आणि स्वतःच्याच उत्तराने पुन्हा एकदा चकित होऊन नणंदेकडे बघत राहिली.