शेवटी सगळे जेवायला येतात

हसवायचेसुद्धा नियम असतात, हे मला माझ्या भाचीने शिकवलं. पल्लवी कॉलेजात सिनेमा शिकते आणि आमच्याकडे राहते. परीक्षेसाठी तिला छोटी विनोदी फिल्म करायची होती. रोज चहाच्या वेळी माझा वर्ग घ्यायची. मावशी, एकच गोष्ट दोनदा तशीच घडवायची, तिसऱ्यांदा उलटवायची. माणसाची एक खोड पकडायची आणि तुटेस्तोवर ताणायची. शेवटी सगळे एकत्र, हसत, जेवत. मी म्हटलं, एवढं मापून हसायचं तर रडलेलं काय वाईट!

खोड मात्र मीच पुरवली होती. आमच्या गौलीगुड्याच्या बिल्डिंगीत खालच्या मजल्यावर नामदेवराव राहतात. अफझलगंजात त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, ते विकलं. बायको गेली. मूलबाळ नाही. तर हे गृहस्थ जिन्याशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायला बोलावतात. मुसलमान भेटला तर "खाना खाके जाव मियाँ", आम्हांला "दोन घास खाऊन जा". आणि आम्ही निसटतो. कुणाचं दूध गॅसवर, कुणाचा उपास. समोरचे प्रमोद तर बंद फोन कानाला लावूनच जिना उतरतात. हे सगळं मी पल्लवीला हसून हसून सांगितलं होतं. तिने तेच उचललं, वर एक शेजारी गॅलरीतून चादरीला लटकून पळतो, असं स्वतःचं घातलं.

बरं, उचललं तर उचललं, मुख्य काम पण नामदेवरावांनाच द्यायचं ठरवलं! गोष्ट वाचून दाखवायला गेली तेव्हा मला सोबत घेऊन गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फरशीकडे बघत बसले. चादरीचा प्रसंग आला तेव्हा नामदेवराव खळखळून हसले, मग हसू ओसरलं. गोष्ट आपल्यावरच आहे हे कळलं होतं त्यांना, न कळायला काय झालं? त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटी येतात का जेवायला?"

"यावंच लागतं काका," पल्लवी म्हणाली. "कॉमेडी आहे."

रविवारी शूटिंग झालं. शेजाऱ्यांची कामं शेजाऱ्यांनाच होती, आणि सिनेमात दिसायचं म्हटल्यावर त्या दिवशी कुणाला उपास नव्हता. नामदेवरावांनी सकाळपासून एकट्याने खपून खड्या मसाल्याचा बगारा भात, चिंचेची खट्टी दाल आणि वांगी केली. पंगत बसली. तेव्हा पल्लवीने फर्मान काढलं की खायचं कुणीच नाही, घास नुसता तोंडापर्यंत न्यायचा. पुन्हा शूट करायची वेळ आली तर ताट तसंच दिसलं पाहिजे ना! नामदेवरावांचा चेहरा उतरला, पण वाढायचा डाव घेऊन ते उभे राहिले.

त्यांना एकच वाक्य होतं, "सावकाश होऊ द्या." पहिल्यांदा ते विसरले. मग डाव हातातून पडला. मग कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच बोलून मोकळे झाले. दर खेपेला पल्लवीच्या कॉलेजातली पोरं दिवे सरकवायची, आणि तोवर आम्ही बसल्या जागी गप्पा मारायचो. प्रमोदनी दुकानाचं विचारलं. वरच्या सुजाताने वांगी कशी केली ते विचारलं. नामदेवराव वाटणापासून सांगत होते, मधेच बायकोची नक्कल करत होते, आम्ही पोट धरून हसत होतो. कॅमेरा सुरू झाला की पुन्हा चूक.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर लोकांना जेवा जेवा म्हणणारा माणूस हे वाक्य विसरेल? ते मुद्दाम चुकत होते. पुढच्या खेपेला मीच ठसका लागल्यासारखं केलं.

पल्लवी वैतागली. झालंय त्यातूनच जोडते, ते वाक्य नसलं तरी चालेल, म्हणाली. नामदेवराव तिच्या मागे दारापर्यंत गेले. "बेटा, एकदा अजून. आता नाही चुकणार." पण दिवे उतरले होते. पोरं सामान परत करायला नामपल्लीला निघाली. शेजारी उठले, हात धुतले आणि आपापल्या घरी जेवायला गेले.

मी मागे राहिले. ते ताटं गोळा करत होते. मी सरळच विचारलं, मुद्दाम चुकत होतात ना?

त्यांनी लगेच मान डोलावली. "उषाताई, जेवण खोटं होतं, ते मला कळतं. पण मधल्या वेळात सगळे माझ्याशी बोलत होते. ते तर कुणी लिहून दिलं नव्हतं."

एक ताट ओढून मी खाली बसले आणि तो गार भात खाल्ला. ते समोर बसून मी खाते ते बघत राहिले. स्वतःला वाढून घ्या म्हटलं तर म्हणाले, घेतो, तुम्ही बसा तर खरं. मी बसले थोडा वेळ. मग मलाही वर जावं लागलं, घरी माझी माणसं माझ्यासाठी जेवायची थांबली होती.