निरोपाच्या कवितेची पुढली ओळ

न्यायालयात मी भाषांतरकार होतो. मराठी जबान्या इंग्रजीत उतरवायच्या आणि खाली 'हे खरे भाषांतर आहे' असे लिहून सही करायची, यात माझी हयात गेली. एका मजकुराचे खरे भाषांतर एकच असते, अशी माझी धारणा होती.

पत्नी गडचिरोलीच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवी. लॅटिन तिला येत नव्हते. पण जुन्या लॅटिन कवितांच्या इंग्रजी पद्यानुवादांचा एक संग्रह ती तिथल्या ग्रंथालयातून आणी, परत करी, पुन्हा आणी. त्यातली निरोपाची एक कविता तिला मुखोद्गत होती. अर्धांगवायूनंतर तिची दृष्टी गेली आणि कवितेचा पूर्वार्धच तेवढा उरला. रोज संध्याकाळी ती खाटेवरून कविता म्हणू लागे, एका ठरावीक ओळीपाशी अडे, मागून पुन्हा सुरुवात करी आणि तिथेच अडे. मग भिंतीकडे तोंड करून रडे.

त्या संग्रहासाठी मी महाविद्यालयाला पत्र लिहिले. उत्तर नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. संग्रह निरुपयोगी ठरवून रद्दीत काढल्याचे कळले. ज्या पुस्तकाला वाचक जिवंत आहे, ते कोणत्या नियमाने निरुपयोगी ठरते, असे विचारत मी अपील केले. सुनावणी घेणाऱ्या प्राचार्यांनी मला चहा पाजला.

"काका, तुमचं सगळं बरोबर आहे. आदेश तुमच्या बाजूनं काढतो. पण त्याचा लगदा झाला असंन, आता मी काय करू?"

अपील मान्य झाले. चंद्रपूरला घरी परतताना वाटेतल्या मूल गावापर्यंत मी मनातल्या मनात पुढचे पत्र लिहीत होतो. कोणाला, ते मात्र सुचत नव्हते.

नागपूरहून मुलीने दुसऱ्या अनुवादकाचे पुस्तक पाठवले. कविता तीच, पण यमक नाही, ओळी लांब. मी वाचू लागताच पत्नी म्हणाली, "हे नाई." मूळ एकच आहे, असे मी बजावले. तिने मान हलवली. प्रकाशकालाही मी खरमरीत पत्र लिहिले: मुळात यमक नसेल तर पहिल्या अनुवादकाने ते कुठून आणले, आणि असेल तर तुम्ही का गाळले?

शेवटी त्या गद्यासारख्या ओळींवरून उत्तरार्ध मीच इंग्रजी पद्यात रचला. एकही शब्द सोडला नाही. तिची ओळ अडताच माझी पुढे जोडली. ती ऐकत राहिली आणि आजारपणात पहिल्यांदाच हसली.

"हे तुमचं होय. साक्षीदाराची जबानी वाटून राह्यली."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच ओळीवर थांबली. चेहरा माझ्या दिशेने वळवून म्हणाली, "पुढं काय होतं?"

"पुढे तो नावेत बसतो. ती काठावर राहते."

"ते मले माहीत आहे जी," ती म्हणाली. "शब्द सांगा."

मी तिचा हात हातात घेतला. तिने पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.