तुडील गाडी, फलाट क्रमांक तीन

चूक आधीच सांगून टाकतो. एका माणसाने माझ्यासमोर बसून मला विचारलं, "हे कोणी लिवलंय?" ते मीच लिहिलं होतं. मी म्हणालो, "मला कल्पना नाही." त्या उत्तरापायी महाडच्या एस.टी. स्टँडवर दोन महिने म्हाताऱ्या बायका चुकीच्या गाड्यांत बसत होत्या.

दोन हजार सहा-सात साल असेल. राहायला मी पोलादपूरला आणि दुकान महाडला, स्टँडच्या समोर. लग्नपत्रिका, बायोडेटा, पूजेची निमंत्रणं टाइप करून द्यायचो. दुकानात इंटरनेट घेतलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आमच्या भागातल्या पोरांच्या एका ऑनलाइन कट्ट्यावर जाऊन बसायचो. मुंबईत नोकरीला लागलेली, पुण्यात शिकणारी, आखातात गेलेली विशीतली मुलं तिथे जमायची. मी त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, त्यामुळे स्वतःचं नाव न लावता घाटाचा एक फोटो लावून बसलो होतो. मुलांना हसवावं अशी मला फार हौस होती.

म्हणून आठवड्याच्या बातम्यांवर छोटी प्रहसनं लिहायला लागलो. बारा ओळींच्या वर जायचं नाही, कारण सायबर कॅफेत बसलेल्या पोराला अर्ध्या तासात मेल, चॅट आणि निकाल असं सगळं उरकायचं असतं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण तेव्हा सगळे तसंच टाइप करायचे. पहिल्यांदा दोन मंत्री बोलतायत असं लिहिलं, मग नवरा-बायको बोलतायत असं. कोणी हूं की चूं केलं नाही. मी छापत होतो त्या पत्रिकांमधल्या 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'ला सुद्धा लोक जास्त हसत असतील.

आणि विनोद तर रोज समोरच्या भोंग्यातून ऐकू येत होता.

स्टँडवरचे कंट्रोलर पन्नाशी ओलांडलेले, नाते गावाकडचे. गाडीचा नंबर ते कधी सांगतच नसत. गाडी कशी दिसते ते सांगत. "तुडीलवाल्यांनो, मागची काच फुटलेली गाडी तुमची हाय." "पोलादपूर सुटतेय, टपावर कोंबड्यांची खुराडी हायत ती." समोर दिसणाऱ्या माणसाशी ते भोंग्यातूनच बोलत. "निळ्या लुगड्याची आये, त्या गाडीत नको बसू गो, ती खेडला जाते." एकदा कशेडी घाटात दरड आली, वाहतूक बंद झाली. तेव्हा त्यांनी सांगितलं, "खेडवाल्यांनी आता चहा प्यावा. ज्यांचा चहा झालाय त्यांनी वडा खावा. दरडीला घाई नाय."

त्या दिवशी मी हे जसंच्या तसं टाइप केलं आणि खाली माझ्या दोन ओळी जोडल्या. कट्टा हसून लोळला. मला माझं प्रहसन सापडलं होतं. दर शनिवारी, आठवड्याची बातमी त्यांच्या आवाजात. आपला क्रिकेट संघ वर्ल्डकपमधून लवकर परतला तेव्हा लिहिलं, "लक्ष द्या. वर्ल्डकपवरून येणारी गाडी टायमाच्या आधी लागलेली हाय. आपली दुसरी कुठलीच गाडी अशी येत नाय. खेळाडूंनी संकटकाळी बाहेर पडायच्या दारानं उतरावं, पुढच्या दाराशी माणसं उभी हायत." मोबाईलच्या टॉवरवर लिहिलं, "रेंज पोलादपुरात आलेली हाय, पण घरात शिरायला लाजते. ज्यांना बोलायचं हाय त्यांनी कौलांवर चढावं."

तुडीलचा माझा एक शाळेतला मित्र कुवेतला गोदामात कामाला होता. घाटाच्या फोटोमागे मी आहे हे फक्त त्याला ठाऊक. तो दर आठवड्याला विचारायचा, शनिवार कधी येतो रे.

मग महाडच्या कॉलेजातली पोरं माझ्याच दुकानात येऊन त्या ओळींचे प्रिंट काढायला लागली. मी काढून द्यायचो, मनातून फुगायचो. पोरं ते कागद घेऊन समोर स्टँडवर जायची. कंट्रोलरांनी भोंग्यात "लक्ष द्या" म्हटलं की बाकड्यांवरून आठ-दहा जण पुढची ओळ ओरडायचे. कंट्रोलर आधी हसले. मग गप्प व्हायला लागले. मला हे सगळं दुकानातून दिसत होतं. मी त्याला लोकप्रियता म्हणत होतो.

एका दुपारी ते स्वतःच दुकानात आले. हातात घडी घातलेला कागद होता. म्हणाले, मराठी हाय म्हणतात, पण अक्षरं इंग्रजी, मला लागत नाय, जरा वाचून दाखव. मी वाचलं. पोरं ज्यावर जास्त खिदळायची त्या दोन ओळी गाळून वाचलं, म्हणजे आपण काय केलंय ते मला कळत होतं. वर्ल्डकपला ते चांगले हसले. मग कागदाकडे बघत राहिले.

"मी असा बोलतो?"

मी म्हणालो, थोडंफार.

"हे कोणी लिवलंय?"

दुकानात मी छापील मराठी बोलायचो, गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून. त्याच भाषेत म्हणालो, "मला कल्पना नाही." त्यांनी कागद परत चार घड्या करून खिशात ठेवला आणि वाचून दाखवल्याबद्दल माझे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी भोंग्यातून आलं, "महाड–तुडील, फलाट क्रमांक तीन." त्यानंतर काही नाही. "महाड–पोलादपूर, फलाट क्रमांक एक." रजिस्टरमधलं वाचून दाखवावं तसं. पोरांनी दोन दिवस वाट पाहिली, मग त्यांना कंटाळा आला. आकडे न वाचता येणाऱ्या बायका डोक्यावर बोचकी घेऊन या गाडीकडून त्या गाडीकडे फिरायला लागल्या. मी लिहिणं बंद केलं. स्वतःला सांगितलं की पत्रिकांचा सीझन आहे. संध्याकाळी पोलादपूरची गाडी पकडताना मी कंट्रोलरच्या खिडकीपासून लांबून चालायचो.

दोन महिन्यांनी कुवेतहून फोन आला. मित्राची आई बाजाराला महाडला आली होती आणि तुडीलची गाडी तिच्या डोळ्यांदेखत सुटून गेली. दुसऱ्यांदा. "तीन नंबर म्हणजे कुठला, तिला काय ठावं? तो माणूस सांगायचा ना रे, काच फुटलेली, दार तुटलेलं. काय झालं त्याला? आजारी हाय काय?"

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, मी ते विनोदासाठी वाचत नव्हतो, ते वाचलं की तुडील गाडी लागल्यासारखी वाटायची. मी म्हणालो, मला खरंच वाईट वाटतंय.

"मग मला काय सांगतोस? स्टँड तुझ्या दुकानासमोर हाय."

रस्ता ओलांडायला मला आणखी दोन दिवस लागले. आधी माफी लिहून काढली, मोठ्या टायपात, देवनागरीत, त्यांना वाचता यावी म्हणून. वाचून पाहिलं तर ती बरोबर बारा ओळींची झाली होती आणि शेवटच्या ओळीत विनोद होता. फाडून टाकली.

दुपारी गाड्या कमी असतात तेव्हा गेलो. ते खिडकीच्या आत रजिस्टरमध्ये लिहीत होते. भोंग्याचं बटण बंद आहे ना हे मी पाहून घेतलं. तेवढा भित्रेपणा उरला होता. त्यांनी मान वर न करता विचारलं, कुठली गाडी? मी म्हणालो, गाडी नको. तेव्हा त्यांनी पेन ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. वाटेत जुळवून आणलेली छापील वाक्यं एकही आठवेना. तोंडातून आली ती माझ्या घरातली बोली.

"काका, ते मीच लिवलेलं हाय. तुम्ही इचारलंत तवा खोटं बोललो. वाचतानापण दोन ओळी गाळल्या. तुमच्या बोलण्यात हसण्यासारखं काय नाय, मीपण असाच बोलतो. माझं चुकलं. मला माफ करा."