उभा सरदार, बसलेला सरदार

संग्रहालयातल्या त्या एका पहारेकऱ्यांना सगळे 'सरदार'च म्हणत. युरोपच्या खोलीत एक लोखंडी चिलखत उभं होतं आणि त्याच्या शेजारी हे. मी सातवीचा वर्ग घेऊन गेलो की ते एखाद्या मुलाला गुडघ्यावर बसवत, त्याचे जोडलेले हात आपल्या हातांत घेत आणि तिकडचा मांडलिक मालकाला वचन कसं देई, ते करून दाखवत. "आता हा माझ्यासाठी लढणार आणि मी ह्याला सांभाळणार. बांधलेले दोघंही."

मुलं खूश होत, पण लगेच शेजारच्या खोलीत पळत. तिथे काळ्या मुखवट्याचं सामुराईचं चिलखत होतं आणि पहाऱ्याला होते सरदारांचे सख्खे साडू. तिथून मुलं हलत नसत. सरदार दारात उभे राहून आपल्या चिलखताचं कोपर उगाच पुसत राहत. सासुरवाडीलाही साडूंच्याच गप्पा रंगत आणि हे खाली मान घालून जेवत. त्यावर बायको म्हणे, "माझ्या बहिणीचा नवरा बोलतो, तुम्ही ताटाची तपासणी करता."

मग नव्या प्रमुख बाईंनी मधली भिंत पाडून एकच दालन केलं. ठिकठिकाणची सरंजामशाही शेजारी शेजारी ठेवून पाहता यावी, हा हेतू. आता दालनाला एकच माणूस पुरे, दुसऱ्याने तिकीटखिडकीवर बसायचं. कोणी, ते पहिला वर्ग येऊन गेल्यावर ठरणार होतं. तो वर्ग माझा होता.

आत शिरताच सरदारांनी मला बाजूला घेतलं. सामुराईचं चिलखत पेटाऱ्यावर बसवलेलं होतं, म्हणून त्याचा चौथरा उंच केला होता. "माझा उभा, त्यांचा बसलेला," ते कुजबुजले, "तरी डोकं त्यांच्याच माणसाचं वर."

साडूंनी सुरुवात केली. पुढच्या काळात बऱ्याच सामुराईंना जमिनीऐवजी मालकाच्या कोठारातून तांदूळ मिळत, असं त्यांनी सांगितलं. पोटच मालकाच्या हाती, मग मालक चुकला तरी त्याला सोडणं सोपं नसे. मुलं मुखवट्याकडे टक लावून ऐकत राहिली.

"इकडे मालकाने शब्द मोडला, तर मांडलिक मोकळा," सरदार मध्येच म्हणाले. एकाही मुलाने वळून पाहिलं नाही. तेव्हा त्यांनी नेहमीसारखा मुलगा न बोलावता सरळ साडूंकडे पाहिलं. "या, टेका गुडघे."

साडूंनी गुडघे टेकले, हात पुढे केले. सगळा वर्ग वळला. सरदारांनी ते हात असे धरले, जणू सारी जहागीरच हाती आली. वचन झालं, पण साडूंना उठता येईना. हात न सोडता ते हळूच म्हणाले, "उठवा आता. सांभाळायचा शब्द दिलाय तुम्ही."

मुलं खदखदली. सरदारांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

मुलं अंगणात डबे खायला गेल्यावर, मागे उभं राहून सगळं पाहणाऱ्या प्रमुख बाई माझ्यासमोरच म्हणाल्या, गुडघे असे असतील तर ह्यांनाच खिडकीवर बसवू. सरदारांना हवं ते आयतं मिळत होतं. त्यांनी आपल्या चिलखताचं कोपर एकदा पुसलं.

"मग माझ्यापुढे वाकणार कोण?" ते म्हणाले. "वर्ग आला की दोघंही इथे, एरवी खिडकी आळीपाळीने. त्यांना एक स्टूल द्या. त्यांचा सरदार बसलेला आहे, तेही बसून सांगतील."

बाईंनी मान डोलावली आणि त्या निघाल्या. सरदार लगबगीने त्यांच्यामागे गेले.

"स्टूल मात्र बुटकं बघा," ते म्हणाले.